नाकाचं ऑपरेशन झालं, आजार तसाच राहिला

पोस्ट मोठी आहे. कामं आटपून वाचा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात एसटी स्टँडवर दोघा जाणत्या माणसांनी मला गाठलं. "तुझो भाचो अजून घरातच बसलोहा? नखरे आसत ते. दोन कानाखाली दी, सरळ होतलो." मी तिथे गप्प बसलो. ज्यांच्यासमोर लहानाचा मोठा झालो त्यांच्याशी स्टँडवर कुठे भांडायचं? उत्तर इथे देतो. भाच्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "मामा, लिही तू. फक्त माझं नाव घालू नको."

माझा फोटो स्टुडिओ आहे हे तुम्हाला माहीत आहे. बारावीच्या फॉर्मसाठी तो माझ्याकडे फोटो काढायला आला आणि दुपारभर खुर्चीवरून उठला नाही. एक फोटो, परत एक, परत एक. "नाक वाकडं येतंय." मी लाइट बदलला, लेन्स बदलली. नाक सरळच होतं, आमच्या घराण्यात असतं तसं. मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

कोरोना संपला, सगळ्या जगाने मास्क काढले, याने काढला नाही. एसटीत मागच्या कोपऱ्यात बसायचा. मग कणकवलीच्या कॉलेजला जाणंच बंद. बहीण सांगायची, आंघोळीला गेला की तासभर बाहेर येत नाही, आरशासमोर पट्टी घेऊन नाक मोजत असतो. आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. कोणीतरी सांगितलेली गोरं करणारी ट्यूब लावली. ती स्टिरॉइडची निघाली, चेहऱ्यावर लाल चट्टे आले, म्हणजे त्याच्या दुःखात खरोखरची भर आम्हीच घातली. देवळात गाऱ्हाणं घातलं. त्याबद्दल तक्रार नाही, देवाने पैसे तरी घेतले नाहीत.

पैसे घेतले एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने. बहिणीच्या पाटल्या आणि त्या सालचे काजूचे पैसे त्यात गेले. नाकाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनआधी रक्त तपासलं, छाती तपासली, सही घेतली. "बाळा, दिवसातले किती तास तू या नाकाचा विचार करतोस?" हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. फुकटचा प्रश्न होता. तीन महिन्यांनी भाच्याला नाक "बिघडवलेलं" वाटायला लागलं आणि हनुवटीही वाकडी दिसायला लागली.

या आजाराला नाव आहे: बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. नवीन फॅड नाही, मोबाइलने जन्माला घातलेला नाही. इटलीच्या एन्रिको मोर्सेली या डॉक्टरने १८९१ साली याचं वर्णन करून ठेवलंय. २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या वर्गीकरणात तो ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, घरातला आजार म्हणून नोंदला जातो. अमेरिका, जर्मनीतल्या पाहण्यांमध्ये मोठ्या माणसांत शंभरात साधारण दोघांना तो सापडतो. मुलींना होतो तसा मुलांनाही होतो आणि सुरुवात बहुतेक वेळा सोळा-सतराव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे आपल्या हायस्कूलच्या पटावर अशी मुलं असणार. तुम्ही त्यांना लाजाळू म्हणता, घुमं म्हणता, शिष्ट म्हणता.

आता कान देऊन ऐका, कारण हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. याच्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. कॉस्मेटिक ऑपरेशन त्यात येत नाही. बहुतेकांचा आजार त्याने हटत नाही, काळजी फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकते. उपचार दोन. एक, फ्लुओक्सेटीनच्या जातीची औषधं. ती नैराश्याला देतात त्यापेक्षा बरेचदा जास्त डोसमध्ये लागतात, आणि गुण येतो की नाही हे ठरवायला बारा आठवड्यांच्या आसपास थांबावं लागतं. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी कमी डोसवर ठेवलं आणि तीन आठवड्यांनी "फरक नाही" म्हणून बंद करून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. (डोस डॉक्टरनेच ठरवायचा. ही पोस्ट दाखवून मेडिकलवाल्याकडे गोळ्या मागू नका.)

दुसरा उपचार बोलण्याचा. पण "पॉझिटिव्ह विचार कर" छापाचं बोलणं नव्हे. त्याला सीबीटी म्हणतात आणि तो कष्टाचा असतो. दुसऱ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि असं काम करणाऱ्या बाईंची गाठ घालून दिली. त्या शहरात, आम्ही इथे, म्हणून व्हिडिओ कॉल. बहिणीच्या वाडीत रेंज नाही, तर दर शनिवारी हा पोरगा सड्यावर जाऊन आंब्याखाली बसायचा. पहिलं काम काय, तर मास्क न लावता घरापासून विहिरीपर्यंत जायचं. आठवडाभर तेवढंच. मग दुकानापर्यंत. मग तळेऱ्याच्या बाजारात, गर्दीच्या वेळी. आरशासमोरचा वेळ घड्याळ लावून कमी करायचा. आणि सगळ्यात कठीण काम घरच्यांना: "आई, ठीक दिसतंय ना?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. दिवसात चाळीस वेळा ती "हो रे सोन्या" म्हणायची आणि प्रत्येक "हो" ने आजाराला खाऊ मिळायचा. गप्प राहायचं ठरल्यावर ती मागच्या पडवीत जाऊन रडायची.

भाचा पूर्ण बरा झालाय असं मी सांगत नाही. पण गणपतीत आरतीला उभा होता, मास्कशिवाय.

आता भांडणाचा मुद्दा. हे उपचार आम्हाला कशाच्या जोरावर मिळाले? पाटल्यांच्या, आणि मुंबईत असलेल्या एका नातेवाइकाच्या ओळखीच्या. ज्यांच्याकडे दोन्ही नाहीत त्यांनी काय करायचं? आपल्याकडे मनाचा आजार म्हटला की एकच वाक्य ऐकू येतं, "रत्नागिरीक धाडा." तिथल्या मनोरुग्णालयाचं नाव आपण शिवीसारखं वापरतो, म्हणून कोणी तोंड उघडत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ मी स्टुडिओत प्रिंट काढून लावलंय. त्यात लिहिलंय की रुग्णाला उपचारासाठी लांब जावं लागता कामा नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ हवी. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी सेवा हवी. किमान सेवा नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यात उपचार घेण्याचा हक्क आहे आणि खर्च सरकारचा. यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे मोफत आणि कायम उपलब्ध हवीत. फ्लुओक्सेटीन हे काही परदेशातून मागवायचं औषध नाही, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आम्ही सरकारी खिडकीवर गेलो तेव्हा मात्र "बाहेरून घ्या" हेच ऐकलं.

नेतेमंडळी म्हणतील, जिल्ह्याला मेडिकल कॉलेज मिळालं. मिळालं, आनंद आहे. पण खारेपाटण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. ओरोसला जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो आणि ज्याला एसटीत चेहरा दाखवायची भीती वाटते त्याला तुम्ही एसटीने या म्हणता. दर १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचे बॅनर लागतात. त्यावर सात नेत्यांचे चेहरे असतात, सगळे सॉफ्टवेअरने गोरे केलेले. मला माहीत आहे, कारण त्यातले काही मीच करून दिलेत. मग आपल्या पोरांनी आपल्या खऱ्या तोंडाकडे कसं बघायचं?

तेव्हा माझंही चुकलंच. आजपासून स्टुडिओत कोणाचाही फोटो "जरा उजळ" करून मिळणार नाही, लग्नाच्या बायोडेटाचासुद्धा नाही. गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. आणि हळदीत, बारशाला "पोरगी बापासारखी काळी झाली गो" म्हणणाऱ्या समस्त काकी-मावश्यांनो, तुमच्या एका वाक्याने आजार होत नाही, पण ज्याला आहे तो ते वाक्य वर्षानुवर्षं उशाला घेऊन झोपतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे. मागण्या साध्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस मानसोपचाराची ओपीडी. ओसीडी आणि या आजारासाठीची सीबीटी शिकलेला निदान एक समुपदेशक जिल्ह्यात, आणि त्याच्याशी व्हिडिओवर बोलायला केंद्रात एक बंद खोली, म्हणजे कोणाला सड्यावर बसावं लागणार नाही. औषधांचा साठा किती आहे ते बाहेर फळ्यावर लिहायचं. अर्ज स्टुडिओत ठेवलाय, सकाळी दहा ते रात्री आठ कधीही येऊन सही करा. "नखरे" म्हणणाऱ्या दोघांनीही या, चहा सांगतो.

आणि हे वाचताना कोणाला आपलंच वाटलं, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मला मेसेज केलात तरी चालेल. स्टुडिओच्या मागच्या खोलीतला आरसा मी काढून ठेवलाय.