टोचल्यावर ताप का येतो?



कापूस वेचणीच्या दिवसांत आर्णीच्या आमच्या वस्तीत एक बोल हमखास कानी पडतो. "मागच्या वेळी टोचलं अन् लेकराला रातभर ताप आला. दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. आता नाही नेत." ही तक्रार खोटी नाही. रोजच्या मजुरीवर चूल पेटते तिथे एक खाडा म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. पण ताप का येतो हे त्या माऊलीला कोणी धड सांगत नाही, याची चीड येते.

लसीत मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू असतो, कधी त्याचा नुसता तुकडा. रोग करण्याची ताकद त्यात उरलेली नसते. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला परका म्हणून ओळखतात आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे बनवू लागतात. या धावपळीत अंग तापते, मांडी सुजते. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पुढे ती कमी होतात, पण काही पेशी त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. आम्ही पडलो कारकून. आम्हाला हे खतावणीसारखे वाटते. जंतूच्या नावाचे खाते एकदा उघडले की तो खरोखर आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही. मात्र पहिल्या डोसाची नोंद कच्ची असते. म्हणूनच पेंटाव्हॅलेंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, अशी तीनदा देतात.

१० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. उष्णतेने मारलेल्या जंतूंची ती लस. ताप त्यांनाही आलाच! बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीमाई प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात धावल्या होत्या. लस जन्मली होती, लोकांपर्यंत पोचायची होती.

आज लस अंगणवाडीत येते, फुकट मिळते. ताप आला तर नर्सबाई देतील ते औषध सांगितलेल्या मापानेच द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. टोचलेली जागा चोळू नये. ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा झटका आला, तर तडक सरकारी दवाखाना गाठावा. एखादा डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले तेवढे घ्यावेत. कामासाठी परगावी जाताना लसीचे कार्ड बरोबर न्यावे. आमच्या घरी ते रेशनकार्डाच्या पिशवीतच असते.