विवरणपत्राची पोच

गणेशोत्सवाची आरास करण्यास पन्नास हात पुढे येतात. वार्षिक विवरणपत्र मात्र एकट्या खजिनदाराच्या माथी पडते. ही उपेक्षा संस्थेस महाग पडणारी आहे. अमेरिकेत ज्या धर्मादाय मंडळाची वार्षिक जमा सामान्यतः ५०,००० डॉलरांच्या आत असते, त्यास ९९०-एन हे छोटेसे विवरणपत्र पुरते. परंतु तेवढेही सलग तीन वर्षे राहिले, तर २००६ च्या कायद्यान्वये करमुक्तीचा दर्जा आपोआप रद्द होतो. २०११ साली सुमारे २,७५,००० संस्थांनी तो असाच गमावला. त्यांतील पुष्कळ बंद पडलेल्या असतीलही. पण जिवंत संस्थेने त्या यादीत का जावे?

२०२६ पासून तपशीलवार वजावटी न मांडणाऱ्या करदात्यासही पैशाच्या देणगीवर १,००० डॉलरांपर्यंत, आणि संयुक्त विवरण भरणाऱ्या दांपत्यास २,००० डॉलरांपर्यंत वजावट मिळू शकते. मात्र संस्थेचा दर्जा शाबूत हवा. म्हणून कार्यकारिणीने विवरणपत्राची पोच दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, असा नियमच मंडळाच्या घटनेत असावा. चोख हिशेब हीही देवाची सेवाच होय.