चेंबरमधील गोळी कोणाच्या रक्षणासाठी?

विजयादशमीच्या सकाळी लातूरच्या कितीतरी घरांत शस्त्रपूजन होते. पाटावर वडिलोपार्जित तलवार, शेतकऱ्याचा कोयता, व्यापाऱ्याचा तराजू आणि ज्या घरी परवाना आहे तेथे एखादे पिस्तूल. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची फुले पडतात, मुले पाटाला खेटून बसतात. त्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी आहे की नाही, हे विचारण्याची मात्र रीत नाही.

परवानाधारकांत एक मत मोठ्या आवेशाने मांडले जाते. गोळी न चढवलेले पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. हल्लेखोर स्लाइड ओढायला सवड देत नाही. म्हणून शस्त्र कमरेला लावायचे तर गोळी चढवूनच. हे मत अगदीच पोकळ नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की, चाकूधारी माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. पण त्याच ट्युलर यांचा दुसरा निष्कर्ष सोयीस्करपणे गाळला जातो. कमरेचे शस्त्र काढून अचूक मारा करायला तयारीच्या पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. मग ज्याने परवाना मिळाल्यापासून वर्षातून एकदाही सराव केलेला नाही, त्या सराफाने किंवा डॉक्टराने काय साधावे?

मराठवाड्यातील भय खोटे नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडमध्ये एका नामवंत बांधकाम व्यावसायिकाची त्याच्या घरासमोर, भर दिवसा, गोळ्या घालून हत्या झाली. मोटारीतून उतरताच दुचाकीवरून आलेल्या मारेकऱ्यांनी जवळून गोळ्या झाडल्या. अशा हल्ल्यात हात कमरेपर्यंत पोहोचण्याआधीच सारे संपते. तेथे पाळत ओळखणे, येण्याजाण्याच्या वेळा बदलणे, खंडणीचा पहिला फोन येताच पोलिसांत जाणे, शेजाऱ्यांनी परक्या दुचाकीची नोंद ठेवणे उपयोगी पडते. या गोष्टींत मर्दुमकीचा देखावा नाही, म्हणून त्या रुचत नाहीत, एवढेच.

चढवलेल्या गोळीचे कैवारी इस्रायलचे गोडवे नेहमीच गातात. सतत शत्रूंच्या वेढ्यात जगणाऱ्या त्या देशात चेंबर रिकामे ठेवून पिस्तूल बाळगण्याची आणि ते उपसतानाच स्लाइड ओढण्याची पद्धत वर्षानुवर्षे शिकवली गेली. जगभर तिला इस्रायली पद्धत असेच नाव पडले. ही पद्धत शिकवणाऱ्यांना भित्रे म्हणण्याचे धाडस लातूरच्या कोणत्या शूराला होणार आहे?

रिव्हॉल्व्हरची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो. शस्त्र हातातून निसटून पडले तरी गोळी सुटू शकते. म्हणूनच जुनी जाणती माणसे घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी शिरली. शस्त्र कपाटात ठेवताना पडले, असे सांगण्यात आले. समोर शत्रू नव्हता, दरोडेखोर नव्हता. गोळी नेम धरून थोडा वर गेली असती, तर?

याहून कटू सत्य असे की, घरातील सज्ज शस्त्र घरातच चालते. २२ एप्रिल २००६ रोजी अंबाजोगाईच्या मातीत वाढलेले प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. तेथे चेंबर आधी भरलेले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. शस्त्राला परवाना होता, आणि तो स्वसंरक्षणासाठी दिला जातो. एप्रिल २०२५ मध्ये तर लातूर महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी निवासस्थानी स्वतःवरच गोळी झाडून घेतली; सुदैवाने ते वाचले. संतापाचा किंवा निराशेचा क्षण फार लहान असतो. बंद कपाट, वेगळी ठेवलेली काडतुसे आणि रिकामे चेंबर मिळून त्या क्षणाला थोडा विलंब लावतात. बाहेरच्या शत्रूपुढे ज्या विलंबाची लाज वाटते, तोच घरात कोणाचा तरी जीव वाचवतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यात संतोष देशमुख हत्याकांडानंतर शस्त्रपरवान्यांची संख्या चर्चेत आली आणि अनेक परवाने रद्द झाले. हवेत गोळीबार करून चित्रफिती काढणारे कोणाचे रक्षण करीत होते, हे त्यांनाच ठाऊक! २०१९ च्या दुरुस्तीने अशा निष्काळजी किंवा आनंदोत्सवी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीही ठेवले आहेत. तो गुन्हा जेथे लग्नाच्या वरातीत मिरवला जातो, तेथे गोळी चढवून हिंडण्याचा सल्ला देणे म्हणजे वाळल्या कडब्यात निखारा टाकणे होय.

नित्य सराव असलेल्या, कर्तव्यावरील अंगरक्षकाची गोष्ट निराळी. त्याचे उदाहरण दुकानदाराने घेऊ नये. आणि दसऱ्याच्या पाटावर पिस्तूल ठेवायचेच असेल, तर आदल्या रात्री आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे. क्रम उलटा झाला तर स्लाइड नवी गोळी चेंबरमध्ये ढकलते. नुसते मॅगझीन काढून निर्धास्त होणाऱ्यांच्या पिस्तुलात एक गोळी तशीच बसून असते.