केळीचा कंटेनर आणि सागरी कायदा

रावेर-यावलची केळी धुळ्यावरून, मुंबई-आग्रा महामार्गाने न्हावा-शेवा बंदर गाठतात आणि आखाती देशांकडे रवाना होतात. पुढे समुद्रावर ती कोणत्या कायद्याच्या स्वाधीन असतात, याची चर्चा खानदेशात क्वचितच होते. जहाजी मालाच्या दस्तऐवजाचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा कायदा होता १८५६ चा, चक्क कंपनी सरकारच्या अमदानीतला! सागरी मालवाहतुकीचा १९२५ चा. संसदेने २०२५ मध्ये दोन्ही मोडीत काढून नवे कायदे केले.

पारतंत्र्याचे हे जोखड उतरले, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र भाषा सुबोध झाली तरी आशय बव्हंशी जुनाच राहिला आहे. शीतकंटेनरमधील तापमान राखण्यात हयगय झाली, तर जहाजकंपनी उत्तरदायी ठरते. परंतु कप्तानाच्या मार्गक्रमणातील चुकीने जहाज उथळात रुतले आणि केळी वाटेतच पिकली, तर कंपनीला आजही सूट आहे! ही सवलत मूळ १९२४ च्या हेग नियमांतील. १९७८ च्या हॅम्बुर्ग नियमांनी ती केव्हाच वगळली. ज्या देशाचा बहुतांश निर्यातमाल परकीय जहाजांतून जातो, त्याने ती का जपावी?

नव्या कायद्याने नियमांच्या अनुसूचीत अधिसूचनेद्वारे बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. जळगाव-धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय दिल्लीत लावून धरावा. तोवर निर्यातदारांनी एवढे तरी ध्यानी ठेवावे: नुकसान वरकरणी दिसत नसल्यास तीन दिवसांत लेखी सूचना आणि वर्षाच्या आत दावा.