समजून घ्या : लोहगावच्या कॅनबेरांनी १९६१ मध्ये दाबोळीवर नेमके काय साधले?

कळंब, ता. १८ : कळंब, मंचर परिसरातील प्रवासी विमान पकडायला पुण्यातील लोहगावला जातात. याच तळावरून १८ डिसेंबर १९६१ रोजी हवाई दलाची १२ कॅनबेरा बॉम्बर विमाने भरदिवसा गोव्यावर चालून गेली. लक्ष्य होते, पोर्तुगिजांच्या ताब्यातील दाबोळीची धावपट्टी.

कॅनबेरा कसे होते?
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे लाकडी बांधणीचे मॉस्किटो हे हलके विमान वेगाच्या जोरावर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकून निसटत असे. त्याची जागा घेण्यासाठी दोन जेट इंजिनांचे कॅनबेरा तयार झाले. भारतीय हवाई दलात ते १९५७ ते २००७ या काळात होते.

हल्ला दिवसाच का?
धावपट्टी फोडायची, पण टर्मिनलची इमारत वाचवायची, असा आदेश होता. त्यासाठी लक्ष्य स्पष्ट दिसणे आवश्यक होते. गोव्यात पोर्तुगिजांची लढाऊ विमाने नसल्याने दिवसा जाण्यातील धोकाही कमी होता.

उजेडात चूक होत नाही का?
होते. २१ मार्च १९४५ रोजी मॉस्किटो विमानांनी कोपनहेगनमधील गेस्टापोच्या मुख्यालयावर दिवसा हल्ला केला. त्यातील एक विमान शाळेजवळ कोसळले. त्याच्या धुराला लक्ष्य समजून मागच्या काही विमानांनी तिथेच बॉम्ब टाकले. शाळेतील ८६ मुलांचा जीव गेला.

दाबोळीत काय झाले?
विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीने ६३ हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. त्यानंतर आणखी ८ कॅनबेरांनी हल्ला केला. टर्मिनल वाचले आणि सर्व विमाने सुखरूप परतली.

मग धावपट्टी बंद पडली का?
पूर्णपणे नाही. धावपट्टीवरचे खड्डे बुजवता येतात आणि शाबूत राहिलेला भाग वापरता येतो. रात्रीच्या अंधारात दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने तिथूनच उडून कराचीला पोहोचली. गोव्याचा निकाल लागला तो जमिनीवरून पुढे सरकलेल्या लष्करामुळे. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वसालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

यातून काय दिसते?
युद्धाच्या बातम्यांत ‘किती टन बॉम्ब टाकले’ हा आकडा आधी येतो. पण हल्ल्याचे मोजमाप दोन प्रश्नांनी करायला हवे : जे थांबवायचे होते ते थांबले का आणि जे वाचवायचे होते ते वाचले का? दाबोळीत पहिल्याचे उत्तर अर्धवट आहे, दुसऱ्याचे मात्र ‘हो’. जिंकल्यानंतर तो विमानतळ आपल्यालाच वापरायचा होता.