‘कस्तोम’ नावाची ढाल

भेट, देवघेव, परतफेड. साहित्याच्या विद्यार्थ्याला मेलनेशिया भेटतो तो बहुधा या तीन शब्दांपुरताच. मार्सेल मोसचा १९२५ चा निबंध वाचला जातो. त्यामागून मालिनोव्स्कीने १९२२ साली वर्णिलेला ट्रोब्रियांड बेटांवरचा ‘कुला’ येतो, शंख-शिंपल्यांचे हार आणि कडी घेऊन समुद्र ओलांडणारे पुरुष येतात. आणि बाजाराबाहेरही माणसे प्रतिष्ठेने जगू शकतात, असा एक सुखद निष्कर्ष निघतो. या चित्रात बाई कुठे आहे, असे कोणी विचारलेच तर ठरलेले उत्तर मिळते : आपल्या फूटपट्ट्या त्यांच्या संस्कृतीला लावू नयेत. हे उत्तर वरकरणी नम्र आहे. माझ्या मते ते बेजबाबदार आहे.

प्रथम वस्तुस्थिती. सॉलोमन बेटांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून वा जोडीदाराकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. वानुआतूच्या २०११ च्या पाहणीत हे प्रमाण ६० टक्के होते. फिजीच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुन्हा ६४. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात हे प्रमाण तिघींत एक असे आहे. वानुआतू आणि फिजी येथील पाहण्या तिथल्याच स्त्री-संघटनांनी केल्या आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे. फूटपट्टी बाहेरून आलेली नाही.

या हिंसेच्या समर्थनार्थ जो शब्द पुढे केला जातो तो ‘कस्तोम’. रूढी, परंपरा, पूर्वजांची रीत असे सगळे अर्थ त्यात सामावतात. तो मुळात इंग्रजीतून आलेला, पण स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्याला स्वाभिमानाचे तेज चढले. मिशनऱ्यांनी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी जे रानटी ठरवले, ते आमचे आहे, असे म्हणण्याची ताकद त्या शब्दाने दिली. हे त्याचे ऋण नाकारता येत नाही. परंतु वानुआतू १९८० साली स्वतंत्र झाला आणि अवघ्या सात वर्षांत, १९८७ मध्ये, त्या देशाच्या उभारणीत प्रत्यक्ष वाटा उचललेल्या कवयित्री ग्रेस मेरा मोलिसा यांनी आपल्या संग्रहाला नाव दिले ‘कलोनाइज्ड पीपल’. वसाहतीतली ही माणसे म्हणजे स्वतंत्र वानुआतूमधल्या स्त्रिया. मोलिसांचा रोख परंपरेवर नव्हता. परंपरेचा अर्थ लावण्याचा मक्ता पुरुषांनी आपल्याकडे घेतला, यावर होता.

हा मक्ता कसा चालतो ते वधूमूल्यात दिसते. दोन कुळांनी एकमेकांचे देणे मान्य करण्याची ही पद्धत. पूर्वी तीत शिंपल्यांच्या माळा असत, डुकरे असत. पापुआ न्यू गिनीत आज तीत रोकड असते, मोटारगाड्याही असतात. रूढीने हा बदल विनातक्रार पचवला. पण पैसे मोजल्यावर नवरा जेव्हा ‘मी हिला विकत घेतली आहे’ असे म्हणतो, आणि मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला मूल्य परत करावे लागेल या धास्तीने माहेरच परत पाठवते, तेव्हा मात्र रूढी अचानक अपरिवर्तनीय ठरते. पुरुषांच्या सोयीने जी वाकते आणि बाईपुढे जी ताठ होते, तिला संस्कृती म्हणायचे की सत्ता?

१९९६ साली मिंज भागात एका मृत्यूच्या भरपाईपोटी पैसे आणि डुकरांच्या जोडीने लग्नासाठी मुली देण्याची मागणी झाली. त्यांतल्या एकीला शिक्षण पुरे करायचे होते. एक स्थानिक हक्क-संघटना तिच्या वतीने न्यायालयात गेली आणि १९९७ साली न्यायालयाने निर्णय दिला की, माणसाचे स्वातंत्र्य आणि समता हिरावणारी रूढी देशाच्या घटनेपुढे टिकू शकत नाही. न्यायाधीश पापुआ न्यू गिनीचेच होते, घटनाही तिथलीच. ‘भेट’ या संकल्पनेवर निबंध लिहिताना भेटीच्या यादीतल्या मुलीला काय वाटते हा प्रश्न आपल्याला अप्रस्तुत वाटत असेल, तर दोष संकल्पनेचा नसून वाचणाऱ्याचा आहे.

फिजीतला ‘बुलुबुलु’ घ्या. अपराध्याच्या घरच्यांनी देवमाशाचा दात अर्पण करून क्षमा मागायची, समोरच्यांनी ती स्वीकारायची आणि वैर मिटवायचे. कल्पना सुंदर आहे. मात्र बलात्काराच्या खटल्यांत हाच विधी शिक्षा सौम्य करून घेण्यासाठी वापरला गेला. क्षमा केली वडीलधाऱ्यांनी. जिच्यावर अत्याचार झाला तिला विचारण्याचे कारण कोणालाच वाटले नाही.

येथे एक दुसरा सोयीचा समज खोडून काढला पाहिजे. हे सारे आदिम अवशेष आहेत, आधुनिकता पोचली की मावळतील, असे मानणारेही चुकतात. पापुआ न्यू गिनीतला १९७१ चा चेटूकविषयक कायदा स्वातंत्र्यापूर्वी, ऑस्ट्रेलियन अमलात झाला. चेटकीण समजून कोणाला ठार मारले तर त्या समजुतीचा आधार बचावासाठी घेता येई. २०१३ च्या फेब्रुवारीत माउंट हेगन येथे वीस वर्षांच्या एका तरुण आईला चेटकीण ठरवून जमावादेखत जिवंत जाळण्यात आले, त्यानंतर त्याच वर्षी तो कायदा रद्द झाला. म्हणजे रूढीला कायद्याचे संरक्षण देणारा हात वसाहतीचा होता.

बूगनव्हिलमध्ये बहुतेक ठिकाणी जमिनीचा वारसा आईकडून येतो. तिथल्या तांब्याच्या खाणीसाठी जमीन घेताना प्रशासनाने स्त्रियांना विचारात घेतले नाही; १९६९ साली रोरोवाना येथे त्या जमिनीवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यासमोर लाठ्या आणि अश्रुधूर आला. पोर्गेराच्या सोन्याच्या खाणीत सुरक्षारक्षकांनी केलेले सामूहिक बलात्कार २०११ साली जगापुढे आले. कंपनीने भरपाईची योजना आखली खरी, पण ती स्वीकारणाऱ्या स्त्रियांना कंपनीवर दिवाणी दावा लावणार नाही असे लिहून द्यावे लागले. देवमाशाचा दात आणि वकिलाचा करारनामा यांत फारसे अंतर उरत नाही : दोन्हीकडे प्रकरण मिटते, बाईचा न्याय तेवढा राहून जातो.

यावर विद्वान आक्षेप येईल. मेरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९८८ साली ‘द जेंडर ऑफ द गिफ्ट’मध्ये दाखवून दिले की मेलनेशियातली ‘व्यक्ती’ ही नात्यांतून घडते. स्वयंपूर्ण व्यक्ती, मालकी, वर्चस्व या पाश्चात्त्य कल्पना तिथे सरसकट लादता येत नाहीत. हा इशारा मौलिक आहे आणि आठशेहून अधिक भाषांच्या देशाबद्दल एका वाक्यात निवाडा देणाऱ्याला तो आवश्यकच आहे. पण व्यक्ती नात्यांतून घडते म्हणून तिचे हाड मोडल्यावर ते नात्यांना दुखत नाही, तिलाच दुखते. स्ट्रॅदर्नचा सिद्धान्त मौनाचा परवाना म्हणून वापरणे हा त्या सिद्धान्तावरही अन्याय आहे. अॅनेट वायनर यांनी १९७६ मध्येच दाखवले होते की, ट्रोब्रियांडमध्ये मृत्यूनंतरच्या विधींत स्त्रिया केळीच्या पानांच्या जुड्यांची मोठी देवघेव करतात. मालिनोव्स्कीने तिची योग्य दखल घेतली नव्हती. संस्कृतीत स्त्रिया होत्या, पुस्तकात नव्हत्या. तेव्हा ‘त्यांची संस्कृती’ म्हणताना आपण बहुधा एका पुस्तकातल्या पुरुषांची बाजू घेत असतो.

‘आपण बोलणारे कोण?’ हा प्रश्न म्हणूनच लबाड आहे. त्या समाजात दोन पक्ष बोलत आहेतच. एक म्हणतो, ही आमची रीत. दुसरा, १९८४ पासून सुव्यात पीडितांसाठी केंद्र चालवणारा, मिंजच्या मुलीसाठी कोर्टाची पायरी चढणारा, म्हणतो की ही रीत तुमची असेल, आमची नाही. दोघेही मेलनेशियनच आहेत. गप्प राहणारा अभ्यासक तटस्थ नसतो. तो पहिल्या पक्षात जाऊन बसलेला असतो. मोसचा निबंध जिथे शिकवला जाईल, तिथे त्याच आठवड्यात मोलिसांच्या कविताही वाचल्या जाव्यात, आणि त्या परिशिष्ट म्हणून नव्हे, मोसला दिलेले उत्तर म्हणून वाचल्या जाव्यात, एवढीच मागणी आहे.