रीमॅप तासाभराचा, हप्ते पाच वर्षांचे

आपल्याकडे सध्या गाडी ‘रीमॅप’ करायचं फॅड आलंय. लॅपटॉप जोडायचा, इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलायचा, की डिझेल गाडी सुसाट. पोरं खूश, गॅरेजवाला खूश.

ओळखीतल्या एका पोराचा टर्बो वॉरंटीतच गेला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, बदल सापडला, क्लेम नामंजूर. खर्च बापाच्या खिशातून, कर्जाचे हप्ते चालूच. खरं सांगू? यात कंपनीला दोष देता येत नाही. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब आणि इंधन वाढवतात, तो ताण टर्बो, क्लच, गिअरबॉक्सवर येतो. हां, याच कारणावरून खिडकीच्या मोटरची वॉरंटी नाकारली, तर मात्र जरूर भांडा.

विम्याचं दुखणं मोठं. पॉलिसी असते ती आपण सांगितलेल्या गाडीची. लपवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला, की आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकलाच समजा. सीएनजी किट बसवल्यावर आपण आरसीवर नोंद करतो, विमा कंपनीला कळवून जादा प्रीमियम भरतो. मग इथेच चोरी कशाला?

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं.

म्हणून मित्रांनो, काय बदललं ते गॅरेजवाल्याकडून बिलावर लिहून मागा. विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या. बिल द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्या दारातूनच गाडी परत फिरवा.